अफू, भूक आणि जिभेची गोडी

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या कित्येक स्त्रिया कामावर निघण्यापूर्वी तान्ह्या मुलाला ‘बाळागोळी’ देत. या गोळीत अफू असे. मूल निजून राही आणि आईचा दिवस निभावून जाई. परंतु त्या गोळीने केवळ रडेच थांबत नसे. दूध मागण्याचे जे एकमेव साधन मुलाजवळ होते, तेही हरपे आणि अर्धपोटी मूल खंगत जाई.

तथापि अफू आणि अन्न यांचे नाते केवळ वैराचे नाही. १९७५ साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून अफूसारखेच कार्य करणारी द्रव्ये शोधून काढली. अशी द्रव्ये माणसाच्या मेंदूतही असतात. पुरणपोळीचा पहिला घास घेताना जो संतोष वाटतो, त्यात त्यांचा वाटा असतो. त्यांचे कार्य रोखणारे नाल्ट्रेक्सोन हे औषध दिले असता साखर गोड आहे हे जिभेला कळते. मात्र ती पूर्वीइतकी हवीशी वाटत नाही. चव कळणे निराळे आणि चव आवडणे निराळे, हे यावरून ध्यानी येते.

मग अफूचे सत्त्व जे मॉर्फिन, त्याने भूक वाढावयास हवी. पण तसे सहसा घडत नाही. मॉर्फिन मेंदूप्रमाणेच पोटावरही परिणाम करते. जठर मंदावते, आतडी सुस्तावतात, बद्धकोष्ठ होते, मळमळते. तोंडाला कोरड पडते, आणि लाळेत विरघळल्यावाचून पदार्थाची चव उमटत नाही. दीर्घकाळ व्यसनात गुंतलेल्या पुष्कळांचे जेवण सुटते. गोडाची ओढ मात्र वाढते.

हे जाणून घेण्याची गरज व्यसनी माणसाच्या घरापुरतीच नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, ती असह्य वेदना भोगणाऱ्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे सुकर व्हावे म्हणून. कर्करोगाच्या रुग्णापुढचे ताट तसेच परत गेले, की घरच्यांना वाटते, हा मनाने खचला. अथवा, आपल्या हातची चव गेली. वास्तविक दोष दोघांचाही नसतो. अशा वेळी औषध परस्पर बंद करू नये. वेदना शमली तर भूक परतण्याचाही संभव असतो. बद्धकोष्ठावरचे औषध वैद्यकीय सल्ल्याने आरंभापासूनच द्यावे, तोंड ओले ठेवावे, रुचेल ते थोडे थोडे भरवावे, आणि आग्रह आवरावा.

गिरणीतल्या त्या आईला मुलाची भूक मुकी झाल्याचे उमगले नव्हते. आज रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्याला ते उमगू शकते.