'सावकारी पाश' आणि शहराची वाट

शहरांतील जीवनाची दगदग दाखविणाऱ्या चित्रपटांची सुरुवात आतां बहुतेक ठरून गेलेली आहे. आगगाडी स्थानकांत शिरते, माणसांचा लोंढा फलाटावर उतरतो, घड्याळाचे कांटे भराभर फिरतात आणि कोणा साध्याभोळ्या माणसाची आतां परवड होणार हें प्रेक्षक ओळखतो. जणूं शहराच्या वेशीवर पाऊल टाकीपर्यंत तो माणूस सुखांतच होता! कोल्हापुरांत १९२५ सालीं निघालेल्या एका मूकपटानें ही समजूत मुळांतच नाकारली होती. गिरणीकामगाराच्या जन्माची ती कथा. पण गिरणी दिसण्यापूर्वीं तींत शेत दिसतें, झोपडी दिसते आणि सावकार दिसतो. तो चित्रपट म्हणजे महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सावकारी पाश'.

या कंपनीचे चालक बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री घराण्यांतले. नाटकांचे पडदे रंगविणें हा त्यांचा व त्यांचे बंधु आनंदराव यांचा व्यवसाय. दोघांनीं मिळून चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार करण्याचा घाट घातला. आनंदराव १९१६ सालीं वारले. पुढें बाबूरावांनीं दामल्यांसारख्या हुशार सहकाऱ्यांना हाताशीं धरून तो कॅमेरा पुरा केला. कंपनीला भांडवल हवें होतें, त्या वेळीं गायिका तानीबाई कागलकर यांनीं द्रव्यसाहाय्य केलें. १९२० च्या 'सैरंध्री'नें कंपनीचें नांव झालें, १९२३ च्या 'सिंहगडा'नें तें सर्वत्र पसरलें. पुराण आणि इतिहास हीं दोन हुकमी क्षेत्रें हातांत असतांना या माणसानें चालू काळांतील कर्जबाजारी शेतकऱ्याची कथा निवडली, ही गोष्ट धाडसाचीच म्हटली पाहिजे. कथा होती नारायण हरि आपटे यांची. ('सिंहगड' ज्यांच्या कादंबरीवरून निघाला ते हरि नारायण आपटे निराळे, या दोन नांवांची गल्लत पुष्कळ वेळां होते.)

कथानक थोडक्यांत सांगतां येण्यासारखें आहे. शेतकरी सावकाराच्या कचाट्यांत सांपडतो, जमीन जाते, आणि तो शहरांत जाऊन गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनीं केली होती. पुढें दिग्दर्शक म्हणून जगभर नांव झालेला हा कलावंत त्या वेळीं चोविशींतला होता. पण ज्यांनीं हा मूकपट पाहिला, त्यांच्या स्मरणांत राहिली ती झोपडी. चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडिया यांना बाकीचा चित्रपट पुढें अंधुक आठवे. मंद उजेडांत टिपलेली ती उदास झोपडी आणि तेथें रडणारें कुत्रें मात्र ते विसरले नाहींत. मूकपटाला आवाज कोठला? तरीहि तें रडणें प्रेक्षकांच्या कानांत राहिलें. रात्रीं दाराशीं कुत्रें रडूं लागलें, कीं घरांतील म्हातारें माणूस काठी घेऊन उठतें. मराठी प्रेक्षकाला या दृश्याचा अर्थ पाटीवर लिहून सांगावा लागत नव्हता. 'सिंहगडा'च्या वेळीं बाबूरावांनीं कृत्रिम प्रकाशांत चित्रण करण्याचा प्रयोग केला होता. काळोखाचा उपयोग करण्यासाठीं आधीं प्रकाश स्वाधीन असावा लागतो, आणि तो त्यांना स्वाधीन झाला होता.

सावकाराचा हा पाश दोराचा नव्हता, कागदाचा होता. निरक्षर कुळानें अंगठा उठविलेल्या दस्तऐवजांत काय लिहिलें आहे, हें त्याला कोर्टाची जप्ती दारांत आल्यावर कळे. म्हणूनच १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुप्याला दंगा उसळला आणि पुणें व नगर या जिल्ह्यांत पसरला, तेव्हां शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कागदांवर होता. रोखे आणि हिशेबाच्या वह्या बाहेर काढून जाळण्यांत आल्या. सरकारनें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा केला. पण कायदा झाला तरी पावसाचा भरंवसा नव्हता, आणि बैल मेला कीं पुन्हां त्याच ओट्यावर जावें लागे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारों माणसें मुंबईच्या गिरण्यांकडे लोटलीं तीं याच वाटेनें. खुद्द कोल्हापुरांतहि शाहूमहाराजांनीं १९०६ सालीं कापडाची गिरणी काढली होती; तेव्हां भोंगा म्हणजे काय, हें 'सावकारी पाश' पाहणाऱ्या करवीरकरांना ठाऊक होतें.

शहरांत गेल्यावर हा पाश सुटला काय? कथा वाचणाऱ्याला वाटेल कीं जमीन गेली, तसें कर्जहि मागें राहिलें. प्रत्यक्ष गिरणगांवचा अनुभव निराळा होता. पगार महिन्याचा, आणि तोहि महिना उलटून गेल्यावर हातीं येणारा. तोंवर वाण्याची उधारी आणि खाणावळवालीचा खाडा-हिशेब. कामावर लागावयाचें तर जॉबरची मर्जी राखावी लागे. गांवीं मनीऑर्डर पाठवावयाची ती चुकवून चालत नसे. कारण बहुतेकांचीं बायकामुलें तिकडेच. पगाराच्या दिवशीं गिरणीच्या फाटकाशीं पठाण उभा असे. हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या राजकीय आयोगानें १९३१ च्या अहवालांत नमूद केलें, कीं बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कर्जांत आहेत. ओट्यावरचा सावकार गेला आणि फाटकावरचा आला, एवढाच काय तो फरक! शहरी जीवनाचा ताण म्हणून जें म्हटलें जातें, त्यांत गर्दी, गोंगाट, धूर या गोष्टी आहेतच. पण माणसाची रात्रीची झोप उडविणारी गोष्ट बहुधा हिशेबाच्या वहींत असते.

याच सुमारास अमेरिकेंत किंग व्हिडॉर यांनीं 'द क्राउड' हा मूकपट काढला. तो १९२८ चा. आपण कोणी तरी थोर होणार या उमेदीनें एक तरुण न्यूयॉर्कला येतो, आणि एका प्रचंड कचेरींत एकसारख्या मांडलेल्या असंख्य मेजांपैकीं एका मेजाचा कारकून होऊन बसतो. ती मेजांची रांग विलक्षण परिणामकारक आहे, यांत शंका नाहीं. पण तो तरुण शहरांत आला तो आपल्या इच्छेनें. त्याचें दुःख आशाभंगाचें आहे. आपट्यांच्या शेतकऱ्याला आशा दाखवून कोणी शहरांत नेलेलें नाहीं. त्याच्या मागें परतीची वाटच उरलेली नाहीं, आणि म्हणून शहराविषयीं त्याला तक्रार करण्याचीहि सोय नाहीं.

प्रेक्षकांनीं या चित्रपटाचें स्वागत बेताचेंच केलें. देवदेवतांचे चमत्कार आणि मावळ्यांचे पराक्रम पाहावयास आलेल्या माणसाला पडद्यावर आपलीच थकबाकी पाहण्याची हौस नसावी. बाबूराव पुन्हां पौराणिक विषयांकडे वळले. १९२९ च्या १ जूनला शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर हे सहकारी निघून गेले व त्यांनीं सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरांतच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. पण बाबूरावांच्या मनांतून तो शेतकरी गेला नव्हता. १९३६ सालीं त्यांनीं हीच कथा बोलपटाच्या रूपानें पुन्हां काढली. त्याच वर्षीं चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आला, ज्यांत यंत्रावर पेच आवळतां आवळतां कामगाराचे हात आपोआप हलूं लागतात. 'सावकारी पाशां'तील माणूस तशाच यंत्राशीं उभा राहावयास निघाला होता. चॅप्लिननें यंत्रापाशीं झालेली गत दाखविली, कोल्हापूरच्या कलावंतानें त्या यंत्रापर्यंतची वाट दाखविली.

शेतकऱ्याची भूमिका करणाऱ्या शांतारामांनीं पुढें पुण्यास १९३९ सालीं 'माणूस' दिग्दर्शित केला. त्यांतील गणपत हा पोलीस शिपाई. धाडींत सांपडलेल्या मैनेला तो पकडत नाहीं, आणि तेव्हांपासून गणवेश, आई, शेजारी, लौकिक या सर्वांचा दाब त्या दोघांवर पडत जातो. शहर येथें पुरेपूर आलें आहे. मात्र गणपत शहराला सरावलेला आहे, जमीन गमावून नुकताच आलेला नाहीं. त्या जुन्या शेतकऱ्याची खरी भावंडें शोधावयाचीं तर बिमल रॉय यांच्या १९५३ च्या 'दो बिघा जमीन'कडे जावें लागतें. शंभू जमीन वांचविण्यासाठीं कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. 'सावकारी पाशा'ला तोंवर अठ्ठावीस वर्षें झालीं होतीं.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकीं फार थोडें उरलें आहे, आणि 'सावकारी पाशा'चा तो मूकपट आज पाहावयास मिळत नाहीं. कोल्हापुरांत खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचें स्मारक उभें आहे. शाहू मिलचा भोंगा थांबला आहे. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या, आणि जमीन गमावून तिकडे गेलेल्या शेतकऱ्यांच्या नातवांना शहरांतहि पुन्हां एकदां बेकार व्हावें लागलें. त्यांची कथा कोणी पडद्यावर मांडूं लागला, तर तिचा पहिला भाग कोल्हापुरांत १९२५ सालींच चित्रित होऊन गेलेला आहे.