डोईवरची तुळस

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात लालबाग येथे केलेले भाषण)



शंभर वर्षांचं कौतुक आधीच्या मंडळींनी केलंच आहे. आम्ही आमची एक चूक सांगायला उभे राहिलोय.

आपली दिंडी गिरणगावची. गिरणीत पाळी करणाऱ्या बाया रजा टाकून वारीला यायच्या. त्यांतल्याच एकीची लेक परळला राहते, नोकरी करून आईला सांभाळते. लग्न केलं नाही. बारा वर्षं ती आळंदीपासून आपल्यासोबत चालली. विसाव्याला कोणी ना कोणी विचारायचंच, "काय गं, कधी उरकणार? पोरंबाळं नकोत का? म्हातारपणी कोण बघणार?" आम्हीही विचारायचो, आपुलकीनंच. एका वर्षी तिनं डोईवर तुळस मागितली. आम्ही म्हणालो, ती सवाष्णीकडे असते. "बरं," म्हणाली. पुढच्या आषाढीला आली नाही. मग एका एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठलाच्या रांगेत एकटी दिसली. नजर आम्हीच चुकवली.

मंडळी, मुक्ताईंचं कुठं लग्न झालं होतं? चौदाशे वर्षांचे म्हणवणारे चांगदेव त्यांचे शिष्य झाले. लेकरू नाही, तरी आपण आईच म्हणतो. मुक्ताईनगरहून त्यांची पालखी दरसाल पंढरीला येते. कान्होपात्रांचं झाड तर राउळातच आहे. त्यांना विचारायची कुणाची छाती आहे?

आणि आपल्या मुंबईतल्या डॉक्टर रखमाबाई! नाव बघा, रखुमाईचंच. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेलं. मोठेपणी नांदायला जायचं त्यांनी नाकारलं. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या तुरुंगाला तयार झाल्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली. लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला बायकांची सेवा केली. पुन्हा लग्न केलं नाही. १९५५ पर्यंत जगल्या. लोक काय कमी बोलले असतील?

गेल्या महिन्यात आम्ही परळला तिच्या घरी गेलो. आई खाटेवर होती. आम्ही माफी मागितली, यंदा तुळस तूच घे म्हणालो. ती बराच वेळ बोललीच नाही. मग चहा ठेवला आणि म्हणाली, "आईजवळ कुणी राहिलं तर येईन."

तेव्हा माऊली, वारीच्या दिवसांत पाळीपाळीनं परळला थांबायला कोण तयार आहे? वही विणेकरीबुवांजवळ आहे. पहिलं नाव आमच्या घरचं लिहिलंय.