पडदा मिटला, फोन जागाच

टेंभुर्णीच्या शिवारात रात्रीची लाईट आली, की माणूस खिशात फोन टाकून उसात दारे धरायला जातो. पहाटे घरी फोन लावावा, तर बॅटरी संपलेली! फोन वापरला तर नाहीच, मग चार्जिंग गेले कुठे?

सर्वांत खादाड पडद्याचा उजेड. तो २ मिनिटांऐवजी ३० सेकंदांत विझेल असे सेटिंग ठेवा. दोनदा टिचकी मारून पडदा उजळण्याची सोय चालू असेल, तर पडदा काळा असतानाही तो स्पर्शाची चाहूल घेत राहतो. खिशात चुकून उजळतो तो वेगळाच. ती सोय बंद करा. काळी पार्श्वभूमी मात्र ओएलईडी पडद्यावरच वीज वाचवते. एलसीडीत मागचा दिवा जळतच असतो. बांधावर रेंज कमी असेल तर नेटही बंद ठेवा. घरचा फोन तरीही येतो.