विज्ञानप्रसार आणि आपले विद्यार्थी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी काहींचा ओढा प्रयोगशाळेपेक्षा विज्ञान लोकांना समजावून सांगण्याकडे असतो. वृत्तपत्रे, आकाशवाणी, संग्रहालये, आरोग्यसंस्था यांना अशी माणसे हवी असतात. परंतु दारात पाऊल टाकताच प्रश्न येतो, "पूर्वीचा अनुभव काय?" कामावाचून अनुभव नाही आणि अनुभवावाचून काम नाही, हा पेच सुटावा कसा, याविषयी आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

या बाबतीत मुंबईच्या विद्यार्थ्यांनी फार पूर्वी कित्ता घालून दिला आहे. १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेत विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञानविषयक सभा निघाली. तिच्या मराठी शाखेत आपल्या भाषेत निबंध वाचले जात आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. त्या तरुणांनी कोणाच्या नेमणुकीची वाट पाहिली नाही.

आजच्या विद्यार्थ्यानेही प्रथम कामाचा नमुना तयार करावा. विषय घरचाच घ्यावा. तुरटी फिरविली की गढूळ पाण्यातील गाळ तळाशी का बसतो? मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युद्‌भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतील ॲल्युमिनियममुळे तो भार निष्प्रभ होतो, कण एकत्र येऊन जड होतात व खाली बसतात. मात्र एवढ्याने पाणी जंतुरहित होत नाही, ते उकळावेच लागते. हे तीनशे शब्दांत लिहावे. चूक शोधण्यासाठी रसायनाच्या प्राध्यापकांना दाखवावे आणि कळते की नाही हे पाहण्यासाठी आजीला वाचून दाखवावे. जेथे आजी अडेल, तेथे दोष लेखकाचा समजावा. असे पाच-सहा लेख हाती असले, म्हणजे संपादकाकडे रिकाम्या हाताने जावे लागत नाही.

बोलण्याचा सरावही हवा. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद, मुंबईचे खगोल मंडळ यांसारख्या संस्थांचे कार्य कार्यकर्त्यांच्या बळावर चालते. नारायणगावाजवळील खोडद व आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आहेत. तेथे राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या निमित्ताने, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विद्यार्थ्यांचे प्रयोग मांडले जातात व पंचक्रोशीतील माणसे ते पाहावयास येतात. शेतकऱ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना जे शिकावयास मिळते, ते वर्गात मिळत नाही.

आता एक कटू गोष्ट. असे अनुभवाचे काम पुष्कळदा बिनपगारी असते. ज्याचे घर मुंबई-पुण्यात आहे, त्याला ते परवडते. वसतिगृहात राहून शिकवण्या करणाऱ्या खेड्यातील मुलाला, आणि मुलीला तर त्याहूनही, ते परवडत नाही. गुणाचा अभाव म्हणून नव्हे, केवळ गाडीभाड्याच्या अभावी ती मागे पडते. मग विज्ञान सांगणारे सारे एकाच थरातून येतात आणि खेड्याचे प्रश्न न विचारलेलेच राहतात.

म्हणून आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे की, शिष्यवृत्तीनिधीतून अशा दोन विद्यार्थ्यांचा प्रवास व भोजनखर्च दरवर्षी द्यावा. आणि या स्मरणिकेची चार पाने त्यांच्या विज्ञानलेखांसाठी राखून ठेवावी, योग्य मोबदल्यासह. सत्कार आपण पुष्कळ करतो. परंतु या मुलांना हाराहून पहिल्या संधीची गरज अधिक आहे. ती देणे आपल्या हाती आहे.