नाडा, सोंदूर आणि थारोळे
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



आजचा विषय एका कादंबरीचा आणि त्याहूनही अधिक ती वाचताना अडलेल्या शब्दांचा आहे. आनंद यादव यांची 'गोतावळा' १९७१ साली प्रसिद्ध झाली. पात्रांनी बोलीत बोलावे आणि लेखकाने मात्र प्रमाण मराठीत निवेदन करावे, ही ग्रामीण कादंबरीत तोवर रुळलेली रीत होती. 'गोतावळा'त नारबा हा शेतगडीच सारी कहाणी सांगतो, आणि तीही कागल परिसराच्या बोलीत. (त्याच वर्षीच्या रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'तही हेच धाडस आहे. बोली तेवढी मराठवाड्याची.) त्यामुळे शहरी वाचकाला पाठ टेकावयास प्रमाण भाषेची भिंतच उरत नाही.

ग्रंथालयाच्या वाचकमंडळाने ही कादंबरी सामूहिक वाचनास घेतली तेव्हा हाच अनुभव आला. मंडळात शिक्षक होते, वकील होते, बँकेतून निवृत्त झालेले होते. मराठी वाङ्मयाचा व्यासंग सर्वांचाच. तरीही पहिल्या दोन बैठकींत दहा-बारा पानांपलीकडे मजल गेली नाही. दर चार ओळींनी कोणीतरी थांबे आणि शब्दकोशाकडे हात जाई. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड (१९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झालेले हे सात खंड म्हणजे मराठीचे वैभवच) टेबलावर मांडलेले असत, शेजारी मोल्सवर्थ. शब्द सापडे, अर्थ लागे, पण तोवर नारबा कोठे होता याचाच विसर पडे. काहींनी समासात पेन्सिलीने अर्थ लिहिण्यास आरंभ केला. ग्रंथालयाच्या प्रतीवर पेन्सिल चालविणे हा अपराधच, आणि ग्रंथपालांनी तो वेळीच निदर्शनास आणला हे बरे झाले.

मग ठरले, की प्रथम केवळ मोठ्याने वाचावयाचे आणि अर्थ नंतर विचारावयाचा. येथेच एक अनपेक्षित गोष्ट घडली. मंडळात रेल्वेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले एक सभासद होते. चाळीस वर्षांचे सभासदत्व. बोलणे इतके नेटके, शुद्ध, की त्यांचे गाव कोणते हे कोणी कधी विचारलेही नव्हते. वाचनाची पाळी त्यांच्याकडे आली आणि इतरांची जीभ जेथे अडखळत होती तेथे त्यांची सहज वाहू लागली. पानभर वाचून ते थांबले ते कानकोंडे होऊन. आपला 'न्हाई' आणि 'व्हता' उघडा पडला, असेच त्यांच्या चेहऱ्यावर होते. निपाणीजवळच्या मळ्यात मोटेमागे त्यांचे बालपण गेले होते. शहरात आल्यावर ती भाषा त्यांनी जाणीवपूर्वक टाकली होती. सीमाभागात हे समजण्यासारखे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथे मराठी टिकविणे म्हणजे पुस्तकी मराठी टिकविणे, असे आपण नकळत मानीत आलो. घरातली, मळ्यातली मराठी मात्र त्या लढ्यातही उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

त्या दिवसापासून शब्दकोशाचे खंड कपाटात परतले असे मात्र कोणी समजू नये. ते लागलेच, पण वेगळ्या कामासाठी. चर्चा मोटेवर गेली तेव्हा 'नाडा' आणि 'सोंदूर' यांतील भेद कोणालाच सांगता येईना. कोशात दोन्ही दोरच. त्या सभासदांनाही तो शब्दांत सांगता आला नाही. त्यांनी एक कापडी पिशवी मागितली, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि टेबलाच्या कडेवर मोट उभी केली. जाड नाडा मोटेच्या तोंडाला. तो वरच्या चाकावरून बैलांच्या जुवाकडे जातो. बारीक सोंदूर मोटेच्या सोंडेला; तो खालच्या अंगाने जातो. बैल धावेवरून उतरले की दोन्ही दोर एकदम ओढले जातात, मोट वर येते, सोंड मात्र सोंदराने खालीच धरलेली असल्याने आपोआप पसरते आणि पाणी थारोळ्यात कोसळते. विहिरीच्या तोंडाशी माणूस लागत नाही. दोन दोरांच्या लांबीतल्या फरकावर सारी करामत आहे, आणि हे कोशाच्या एका ओळीत मावणे कठीण.

'थारोळे' शब्दावर तर वाचक चपापले. वर्तमानपत्रांनी तो रक्ताखेरीज कशालाच ठेवला नाही. मूळचे थारोळे मोटेचे पाणी झेलणारे, तेथून पाटाला वाट देणारे. 'मोट' या शब्दाचेही तसेच. निवडणुका आल्या की पक्षांची 'मोट बांधली' जाते. एका वकील महाशयांना ती चामड्याची मोट वाटत होती. ती मोट गाठोड्याची, ही विहिरीची. उच्चार एक, वस्तू दोन.

पेरणीच्या 'कुरी'ने कानडी शाळेत शिकलेल्या एका भगिनींना बोलते केले. त्यांच्या माहेरी तिलाच 'कूरिगे' म्हणत. हीच वस्तू पुण्याकडे 'पाभर', विदर्भात 'तिफण'. औत जवळपास तेच, पण नावावरून कोणाचे शेजारी कोण हे ओळखता यावे.

ट्रॅक्टर आला आणि नारबाचे बैल विकले गेले, त्या भागापर्यंत मंडळ पोहोचले तेव्हा एकही अर्थ विचारला गेला नाही. दावण, गव्हाण, कासरा हे शब्द तोवर प्रत्येकाचे झाले होते. म्हणून रिकामा गोठा म्हणजे काय हेही उमगले. कादंबरीतल्या गोतात माणसांहून जनावरेच अधिक, हे नावाचे मर्म पहिल्या दिवशी सांगून कोणाला पटले नसते. आधी शब्दार्थसूची वाटावी आणि मग कादंबरी वाचावी, अशी एक सूचना मागे आली होती. ती स्वीकारली नाही हे योग्यच झाले.

आता मंडळाने उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) घेतली आहे. तिची बोली वऱ्हाडी. रेल्वेचे ते सभासद सर्वांच्या बरोबरीने अडतात, आणि सर्वांत आधी अर्थ विचारतात तेच.