शेठ जमनालाल बजाज : सार्वजनिक धनाचे विश्वस्त
(व्याख्यानाचा सारांश)



व्यापारी राजकारणात उतरला की तो तेथेही नफाच पाहील, अशी शंका समाजात घेतली जाते. वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांचे चरित्र या शंकेला समर्पक उत्तर आहे.

४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळ काशी का बास या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वर्ध्याचे धनिक शेठ बच्छराज यांच्या घराण्यात ते नातू म्हणून दत्तक आले. शालेय शिक्षण अल्पच; खरे शिक्षण पेढीवर झाले. सतराव्या वर्षी दागिने घालण्यावरून आजोबा रागावले, तेव्हा या संपत्तीवर आपला काहीही हक्क नाही, असे पत्र लिहून ते घराबाहेर पडले. आजोबांनी त्यांना परत आणले. पुढे वारसा त्यांच्याकडेच आला. परंतु धन आपले नव्हे, आपण केवळ त्याचे राखणदार, ही भावना अखेरपर्यंत टिकली.

१९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष झाले. त्याच वर्षी काँग्रेसचे खजिनदारपद त्यांच्याकडे आले व आयुष्याच्या अखेरीपर्यंत बहुतेक काळ ते त्यांच्याकडेच राहिले. १९२१ मध्ये त्यांनी ‘रायबहादूर’ ही पदवी सोडली. असहकारात वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले. घरातील विदेशी वस्त्रांची होळी केली आणि खादी अंगीकारली. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात कारावास पत्करला. मंत्रिपद मात्र कधीही भूषविले नाही.

त्यांची खरी कसोटी जुलै १९२८ मध्ये लागली. बच्छराजजींनी वर्ध्यात उभारलेले लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. परक्या सरकारशी झुंजणे एक वेळ सोपे. ज्यांच्याशी सोयरीक आणि देवघेव, त्या आप्तस्वकीयांचा रोष पत्करणे कठीण. जमनालालजींनी तो शांतपणे सोसला.

गांधीजींनी त्यांना आपला पाचवा पुत्र मानले. विनोबा वर्ध्यात आले ते त्यांच्याच आग्रहाने. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघासाठी त्यांनी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. १९३६ मध्ये गांधीजी शेगावी राहू लागले आणि ते खेडे सेवाग्राम झाले. १९३९ मध्ये जयपूर प्रजामंडळाच्या लढ्यात जमनालालजी पुन्हा बंदिवासात गेले. अखेरच्या काळात त्यांनी गोसेवेला वाहून घेतले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात त्यांचे देहावसान झाले.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेने या चरित्रातून काय घ्यावे? देणगी देणारे पुष्कळ भेटतात. परंतु लोकांनी विश्वासाने सोपविलेला पैसा सांभाळणारा, त्याचा चोख हिशेब ठेवणारा आणि वेळप्रसंगी न्यायासाठी आपल्याच माणसांची नाराजी पत्करणारा खजिनदार विरळा. वहीखात्याची शिस्त व्यापाऱ्याला जन्मजात लाभते. तीच शिस्त समाजकार्यात आणली, तर व्यापाऱ्याइतका उत्तम लोकसेवक दुसरा नाही.