पाळी जाताना यकृत सांभाळा
(महिला मेळाव्यातील भाषण)



घरातल्या सर्वांचे दुखणे-खुपणे पाहणारी आई स्वतःचे दुखणे मात्र सांगत नाही. चाळिशीनंतर पाळी अनियमित होते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते. सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजतात. त्यानंतर रक्तस्राव झाल्यास लाज न धरता ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

या काळात शरीरातील इस्ट्रोजेन घटते, पोटावर चरबी साचते आणि यकृतातही चरबी जमण्याचा धोका वाढतो. सुरुवातीला काहीच दुखत नाही. म्हणून वजन आणि रक्तातील साखर तपासून घ्या, रोज चाला, गोड व तळलेले कमी खा.

‘यकृत साफ करून हार्मोन ठीक करणारी’ औषधे मनाने घेऊ नका. झाडपाल्याचे सर्वच निरुपद्रवी नसते. गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहे.

मुलामुलींनो, आज घरी गेल्यावर एवढेच विचारा, “अम्मी, तुला बरं वाटतं ना?” आणि उत्तर मिळेपर्यंत जवळ बसा. शिकल्याचे सार्थक तिथेच आहे.